पातेल्यातले डोंगर

गल्लीत तिला सगळे गोलवाली म्हणत. खरं नाव फारसं कुणाला आठवत नव्हतं, आणि तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण तक्रारी करायला तिच्याकडे दुसरे पुष्कळ विषय होते. ती पृथ्वीचे गोल बनवायची. कपाटावर धूळ खात बसणारे गुळगुळीत गोल नव्हेत. हात फिरवला तर डोंगर बोटांना लागावेत असे उठावाचे गोल. लाकडी साच्यावर कागदाचे थर चिकटवायचे, वाळले की मधोमध कापून साचा मोकळा करायचा, दोन अर्धी पुन्हा जोडायची आणि मग वर लगद्याचे डोंगर चढवायचे. समुद्र रंगवायचं काम नवऱ्याचं. समुद्राला घाई नसते, नवऱ्यालाही नव्हती, त्यामुळे ही वाटणी आपोआपच झाली होती.

या धंद्यातली खरी कटकट म्हणजे डोंगर. आशियातले डोंगर लावले की गोल त्या बाजूला जड होतो. मग कितीही छान फिरवा, शेवटी आशिया खाली घालून रुसल्यासारखा थांबतो. म्हणून ती दक्षिण ध्रुवाशी एक भोक ठेवायची आणि त्यातून लांब काडीने आत, डोंगरांच्या समोरच्या बाजूला, शिशाचे तुकडे चिकटवायची. फिरवून बघायचं, तुकडा काढायचा, जरा सरकवून परत लावायचा. गोल कुठेही थांबायला लागला, आवडती-नावडती बाजू उरली नाही, की भोक बंद. हे काम ती कुणाच्या हाती देत नसे. नवऱ्याने एकदा हौसेने करून बघितलं होतं. तो गोल अजून माळ्यावर आहे आणि माळ्यावरसुद्धा एका कुशीवर झोपतो.

त्यामुळे मुलीने कॉलेजात शेवटच्या प्रबंधासाठी विषय घेतला आणि तो ‘हवा आणि डोंगर यांचा पृथ्वीच्या फिरण्यावर होणारा परिणाम’ असा निघाला, तेव्हा गोलवालीला वाटलं की हा तर आपल्या घरचाच धंदा. “त्यांना म्हणावं, आतून शिसं लावा,” असं ती म्हणाली होती. मुलगी तेव्हा पोट धरून हसली होती.

आता हसत नव्हती. हीच तर सगळी रड होती.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी ती बापाच्या रंगकामाच्या फिरत्या पाटावर मांडी घालून बसायची आणि फिरव म्हणून डोकं खायची. बाप फिरवायचा, ती भोवळ येईपर्यंत हसायची. बोलायची तर इतकी, की गोलवालीच्या सासूबाई कानात कापूस घालून बसत. हीच मुलगी तोंडी परीक्षेला गेली आणि तोंड मिटून परत आली. तिथे एक टक्कल असलेले परीक्षक होते. त्यांनी शांतपणे विचारलं, की वारा डोंगराला ढकलतो हे समजलं, पण हे ढकलणं वाऱ्याकडे आलं कुठून? भिंगरीला उत्तर येत होतं. पानंच्या पानं लिहिली होती तिने त्यावर. पण घसा बंद झाला. ती समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली, परीक्षक तिच्याकडे बघत राहिले, आणि शेवटी त्यांनी पुन्हा या म्हणून सांगितलं.

पुन्हा या म्हणजे नापास नव्हे, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी फोन करून समजावलं. आणखी एक संधी आहे, आठवडा संपायच्या आत येतेस की नाही तेवढं कळव, नाहीतर नाव वगळावं लागेल. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. “मला नाही जायचं. संपला विषय,” एवढं म्हणाली आणि पांघरूण वर ओढलं.

गोलवालीला हे काही केल्या समजेना. विषय संपला म्हणजे काय? दोन वर्षं घरात त्याच विषयाचे कागद सगळ्या खुर्च्यांवर बसले होते, माणसांना बसायला जागा नव्हती. तिने आधी समजावून पाहिलं. मग शेजारच्या मुलीचं उदाहरण दिलं, जे देऊ नये हे तिला तोंडातून निघता निघताच कळलं. मग अबोला धरला, पण तो चहापर्यंतच टिकला, कारण चहा हवा का हे विचारावंच लागलं. फळं कापून उशाशी ठेवली. ती काळी पडली. रात्री पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना तिच्या मनात नाही नाही ते यायचं, आणि सकाळ झाली की त्या सगळ्या काळजीची चिडचिड होऊन ती नवऱ्यावर निघायची.

“तुम्ही काहीतरी बोला तिच्याशी.”

“बोललो.”

“काय बोललात?”

“म्हटलं, बरं वाटलं की सांग.”

नवरा पुन्हा समुद्राकडे वळला.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांनी नातीच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि नीट चौकशी केली. हा जो काय परिणाम होतो, तो होतो तरी केवढा? भिंगरीने पांघरुणातूनच सांगितलं, की दिवस सेकंदाच्या हजाराव्या भागाने लहान-मोठा होतो. सासूबाईंनी खुर्ची परत जागेवर ठेवली. मग बाहेर येऊन सुनेला म्हणाल्या, “एवढ्याशासाठी पोरीला परत पाठवली? आपल्याकडे रोज जेवायला अर्धा तास उशीर होतो, त्याचं कुणी काही विचारत नाही.”

हा टोमणा कुणाला होता ते उघड होतं. गोलवालीने दोन भांडी जरा मोठ्याने ठेवली.

त्याच आदळआपटीत तिला कल्पना सुचली. पोरीचं तोंड उघडत नाही ना, मग नको उघडू दे. आपण असा गोल करू की तोच बोलेल. परीक्षकांसमोर ठेवायचा, बटण दाबायचं, वारा सुटेल, डोंगरांवर आपटेल, गोल फिरेल. बघा म्हणायचं आणि घरी यायचं. नवऱ्याने विचारलं, तिला विचारलंस का? ती म्हणाली, या घरात विचारून आजवर काय झालंय?

तिने असलेल्यांतला मोठा गोल घेतला. डोंगर मुळात फुगवलेलेच असतात, तिने ते आणखी दुप्पट उंच केले. माळ्यावर शिवणयंत्राच्या डब्यात जपून ठेवलेलं चांगलं बेअरिंग काढलं, धुतलं, तेल घातलं. आतून शिसं असं बसवलं की गोल नुसत्या श्वासाने हलावा. टेबलाच्या कडेला चिमट्याने छोटा पंखा अडकवला. पंखा सुरू केला तर गोल आधी जरासा घुटमळला, मग निघाला, आणि मग असा सुसाट सुटला की आफ्रिका कुठे आणि अमेरिका कुठे ते कळेना. गोलवाली कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला मनासारखं काहीतरी दिसत होतं.

तिने हाक मारली. सासूबाई आधीच पुढची खुर्ची धरून बसल्या होत्या. भिंगरी पांघरूण अंगाभोवती गुंडाळूनच आली, दारात उभी राहिली, आणि गोलाकडे न बघता पंख्याकडे बघू लागली.

“पंखा कशावर आहे?”

“टेबलावर. मग काय डोक्यावर धरू?”

“आणि पृथ्वीचं टेबल कुठंय?”

गोलवालीला वाटलं, पोरगी वाकडं बोलतेय. पण पोरगी वाकडं बोलत नव्हती, वैतागली होती. पाहुण्याने दिव्याचं चुकीचं बटण दाबलं की घरच्यांचा होतो तसा तिचा चेहरा झाला होता. ती म्हणाली, “आई, हा वारा बाहेरून येतोय. पृथ्वीला बाहेरून कुणी वारा घालत नाही. हवा तिचीच आहे, तिच्याबरोबर फिरते. असा पंखा असता तर पृथ्वी आजवर फिरून फिरून सुटून गेली असती.”

“मग मी काय, सगळं चुकीचं केलं?”

“चुकीचंच आहे ना.”

“आणि डोंगर? इतके उंच केलेत...”

“डोंगर तर त्याहून चुकीचे. एवढ्या गोलावर सगळ्यांत उंच डोंगर नखाच्या जाडीएवढासुद्धा येत नाही.”

आणि ती परत जाऊन झोपली.

गोलवालीने पंखा बंद केला. तिला राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे पोरीचं म्हणणं मनात कुठेतरी पटत होतं. अर्धं आयुष्य पृथ्व्या करण्यात गेलं, पण करताना ती स्वतः कायम बाहेर उभी. हात बाहेरून, ब्रश बाहेरून, शिसंसुद्धा बाहेरून काडी घालून. पृथ्वीला बाहेर नाही, हे ध्यानात यायचं कारणच पडलं नव्हतं. “नाही तर नाही,” ती नवऱ्याला म्हणाली, “पंखा आतच बसवते.” नवरा म्हणाला, तिला जरा... पण बायकोने पक्कड मागितली तेव्हा त्याने ती मुकाट्याने दिली.

दुसऱ्या खेपेला तिने गोलाच्या आसालाच पत्र्याचा एक हात जोडला आणि त्या हातावर बॅटरीचा पंखा बसवला. आता पंखा पृथ्वीचाच. त्याच्यासमोर डोंगर. आता कुणी बोलून दाखवावं. तिने बटण दाबलं. पंखा गुणगुणायला लागला, डोंगरावर फुंकर बसायला लागली, आणि गोल थोडासा थरथरून जिथल्या तिथे बसला. तिने बेअरिंग उघडलं, पुसलं, पुन्हा तेल घातलं. गोल हलेना. तिने तोल तपासला. तोल उत्तम. मग तिने बेअरिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो ऐकून भिंगरी न बोलावता आली. पांघरूण नव्हतं यावेळी.

“तो नाही फिरणार, आई.”

“का नाही फिरणार? नवं तेल घातलंय.”

“तेलाचा काय संबंध? पंखा हवेला पुढं ढकलतो तेव्हा स्वतः मागं ढकलला जातो. तो बांधलाय गोलालाच. आणि हवा डोंगराला पुढं ढकलते, तो डोंगरही गोलाचाच. एक ढकलतो पुढं, एक मागं. स्वतःचे केस धरून स्वतःला उचलण्यातला प्रकार आहे.”

आता मात्र गोलवालीचा संयम सुटला. ती दिवसभर पत्रा कापत होती, बोटाला पट्टी होती, स्वयंपाक राहिला होता. “बाहेरून ढकललं तर चालत नाही, आतून ढकललं तर हलत नाही. म्हणजे वाऱ्याने पृथ्वीचं काही होतच नाही. मग दोन वर्षं तू केलंस काय? आणि वारा ढकलतो ढकलतो म्हणतेस, तर त्याला तरी ते बळ कुठून आलं?”

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय विचारलं. टक्कलवाल्यांचाच प्रश्न, आणि तोही ओरडून. नवऱ्याचा ब्रश समुद्रावर थांबला. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. गोलवालीला वाटलं, झालं, आता ही कायमची भिंतीकडे तोंड करणार आणि त्याला कारण आपण.

भिंगरी उभी होती. ती वळली नाही.

“होतं,” ती म्हणाली. “कसं नाही होत? तू ऐकून तर घे.”

आणि ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग चिडून, मग चिडणंही विसरून. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि हवा तिच्यासोबत फिरते, पण अगदी तिच्याच वेगाने नाही. मध्यावर, विषुववृत्ताच्या पट्ट्यात, वारे पूर्वेकडून येतात, म्हणजे हवा तिथे मागे पडते, जमिनीला घासते, आणि पृथ्वीच्या फिरण्यातला थोडा वाटा आपल्याकडे घेते. तो वाटा घेऊन ती वर उत्तरेकडे आणि खाली दक्षिणेकडे जाते. तिथे वारे पश्चिमेकडून सुटतात, पृथ्वीच्याही पुढे धावतात. समोर डोंगराची रांग आली की पश्चिमेच्या अंगाला हवा दाटते, पूर्वेच्या अंगाला विरळ पडते, डोंगर ढकलला जातो, आणि घेतलेलं फिरणं पृथ्वीला परत मिळतं. हे देणंघेणं सारखं चालू असतं. उत्तरेकडच्या हिवाळ्यात वारे जोरात असतात, तेव्हा पृथ्वीचं बरंच फिरणं हवेकडे अडकलेलं असतं, म्हणून पृथ्वी मंदावते आणि दिवस नावापुरता लांबतो. वारे पडले की ते परत येतं.

“पण मग वाऱ्याला हलवतं कोण?” सासूबाईंनी विचारलं. त्या खिडकीतून केव्हा वळल्या ते कुणालाच कळलं नव्हतं.

“ऊन, आजी. हलवतं ऊन. पण फिरणं मात्र पृथ्वीचंच. पृथ्वी आणि हवा, दोघींचं मिळून जेवढं आहे तेवढंच. एकीकडे वाढलं की दुसरीकडे कमी.”

“सासू-सुनेसारखं,” सासूबाई म्हणाल्या.

पोरगी बोलतेय, एवढं गोलवालीच्या ध्यानात आलं होतं आणि मधे तोंड घालायची तिची हिंमत होत नव्हती. भिंगरीला मात्र आता शब्द पुरेनात. तिने इकडेतिकडे पाहिलं. फिरत्या पाटावर बापाचा ब्रश धुवायचा डबा होता, निळ्या पाण्याने अर्धा भरलेला. तिने पाट फिरवला, आतलं पाणी गरगरायला लागेपर्यंत फिरवला, मग डबा हाताने धरून थांबवला आणि हात काढून घेतला. थांबलेला डबा पाटासकट आपला आपण हळूच पुन्हा निघाला.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. “कुणी हलवला?”

“पाण्याने. डबा म्हणजे पृथ्वी, पाणी म्हणजे हवा. पाण्याने ठेवलेलं परत दिलं.” तिने डब्यात बोट घालून आतली गुळगुळीत भिंत चाचपली. “पण फार सावकाश देतंय. धरायला काही नाही त्याला. आई, आत डोंगर लागतील. आणि पसरट भांडं पाहिजे.”

इथे गोलवालीने हो म्हणायला नको होतं. पण ती म्हणाली. पसरट भांडं म्हणजे नेमकं कोणतं, हे विचारायचंही राहून गेलं, आणि संध्याकाळी दूध तापवायला गेली तर दुधाचं पातेलं जागेवर नव्हतं. संसारातलं पहिलं पातेलं, जाड बुडाचं, ज्यात दूध लागत नाही असं. ते कामाच्या खोलीत सापडलं. भिंगरी जमिनीवर फतकल मारून बसली होती, आणि होड्यांच्या फटी बुजवायला वापरतात त्या पाण्यात न विरघळणाऱ्या लांबीने पातेल्याच्या आतून एकामागून एक डोंगर चिकटवत होती.

“निघेल ना हे?” गोलवालीने विचारलं.

“बघू,” पोरगी म्हणाली, म्हणजे निघणार नव्हतं.

डोंगर लावल्यावर फरक पडला, तो बघणाऱ्या सगळ्यांना दिसला. पाटावर फिरवलेलं पातेलं थांबवून सोडलं की पाणी डोंगरांवर थडकायचं आणि पातेलं झटक्यात निघायचं. पण भिंगरीच खट्टू झाली. ते परीक्षक फार बारीक बघणारे आहेत, ती म्हणाली. पातेलं थांबवायला मी हात लावला की ते म्हणतील, हात बाहेरचा. गोलवालीने चमच्याने पाणी ढवळायची तयारी दाखवली. चमचाही बाहेरचाच निघाला. सगळे पातेल्याभोवती बसून राहिले. तेव्हा नवरा काही न बोलता उठला, शिडी लावून माळ्यावर गेला, बराच वेळ वर खुडबुडला, आणि खाली आला तेव्हा त्याच्या हातात खेळण्यातली होडी होती, भिंगरीची. तळाशी छोटी मोटर आणि पंखुडी असलेली. तीही त्या एका कुशीवर झोपणाऱ्या गोलाशेजारी इतकी वर्षं पडून होती.

होडीची मोटर काढून त्यांनी पातेल्याच्याच काठाला आतून बसवली. सगळं स्थिर होऊ दिलं. मग भिंगरीने मोटर चालू केली. पंखुडीने पाणी एका बाजूला रेटलं, पाणी पातेल्यात फिरू लागलं, आणि पातेलं उलट्या बाजूला हळूहळू सरकायला लागलं. मोटर बंद केली. पाणी डोंगरांवर आपटत राहिलं, पातेल्याचा उलटा वेग खात राहिलं, आणि थोड्या वेळाने पाणी शांत झालं तसं पातेलंही थांबलं. बाहेरून कुणीही हात लावला नव्हता.

“हे बघ,” भिंगरी म्हणाली. “मोटर म्हणजे ऊन. बाकी सगळं आतल्या आत.”

ती लांबीने माखलेले हात तसेच समोर धरून बसली होती, आणि केसांतही लांबी लागली होती. गोलवालीने एवढंच म्हटलं, की बाईंना फोन करायचा राहिलाय, मी सांगू का येते म्हणून?

“नको, मीच सांगते,” भिंगरी म्हणाली, आणि फोनला लांबी लावत तिनेच सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी फिरता पाट गोलवालीने उचलला आणि पातेलं भिंगरीने. बसमध्ये पाटाला बसायला जागा मिळाली, गोलवालीला मिळाली नाही. वाहकाने हे काय आहे विचारल्यावर तिने पृथ्वी म्हणून सांगितलं आणि पुढचं बोलणं टाळलं. वाटेत दोनदा तिच्या तोंडाशी आलं, की घाबरू नकोस, पाण्याच्या पेल्याकडे बघू नकोस, आधी एक मोठा श्वास घे. दोन्ही वेळा तिने ते गिळलं. हा आयुष्यातला सगळ्यांत अवघड प्रवास होता असं ती नंतर कित्येकदा सांगायची, आणि बसच्या खड्ड्यांमुळे अवघड होता असं सांगायची.

विभागाच्या बाहेर एक लांब बाक होता. दार बंद झालं. गोलवाली बाकावर बसली, उठली, सूचना-फलकावरच्या सूचना वाचल्या, पुन्हा बसली. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग मोटरचा बारीक आवाज आला. मग एका पुरुषाचा. मग भिंगरीचा, आणि तो थांबेचना. गोलवालीला शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. तिच्यावर चिडून, तू ऐकून तर घे म्हणताना लागला होता तोच. ही आता परीक्षकांवर चिडली की काय, म्हणून तिला घाम फुटला.

मोठ्याने पाणी सांडल्याचा आवाज झाला. थोड्याच वेळात शिपाई फरशी पुसायचं फडकं घेऊन आत गेला, आणि गोलवालीने डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने मार्गदर्शक बाई बाहेर आल्या. त्यांच्या साडीचा काठ ओला होता. झालं, त्या म्हणाल्या, चांगली झाली, पास केलं तिला, आता सह्या राहिल्यात तेवढ्या. गोलवालीने विचारलं, मग पाणी कुणी सांडलं? बाईंनी मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. सरांनी, त्या म्हणाल्या. त्यांना स्वतः करून बघायचं होतं. तीन वेळा केलं, तिसऱ्यांदा मोटर जास्त जोरात लावली. आणि हो, त्या पुढे म्हणाल्या, सर विचारत होते, हे भांडं विभागात ठेवता येईल का, पुढच्या मुलांना दाखवायला.

गोलवाली उठली. पोरगी पास झाली, हे ऐकल्यावर माणसाने आधी काय करावं ते तिला सुचलं नाही. पातेल्याचं मात्र लगेच सुचलं. ती सरळ आत गेली. टक्कलवाले गृहस्थ बाह्या वर करून पाटासमोर उकिडवे बसले होते आणि एका बोटाने पातेल्यातला डोंगर चाचपत होते. भिंगरी शेजारी उभी होती, पायांपर्यंत भिजलेली, आणि त्यांना सांगत होती की आतली लांबी अजून पुरती वाळली नाहीये, फार जोर देऊ नका.

परीक्षकांनी वर पाहिलं. “हे तुम्ही केलंत?”

“पातेलं माझं आहे,” गोलवाली म्हणाली. “डोंगर हिने लावलेत.”

मग तिने पातेलं उचललं, उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर ओतलं, पदराने आतून पुसलं, आणि डोंगर नखाने जरासा उचकटून बघितला. तो हलला नाही. तिने एक सुस्कारा सोडला आणि पातेलं परत पाटावर ठेवून दिलं.

“ठेवा,” ती म्हणाली. “दुधाचं आता नाहीच राहिलं ते.”

घरी जाताना पाट भिंगरीने उचलला. बसमध्ये दोघींनाही जागा मिळाली. भिंगरी बोलत होती, सरांनी काय विचारलं, ती काय म्हणाली, मग सर काय म्हणाले, मग ती काय म्हणाली. पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळून बघायला लागले. गोलवालीने तिला कोपराने ढोसलं आणि जरा हळू बोल म्हणून सांगितलं. पोरगी हळू बोलली नाही. दुधाला आता दुसरं भांडं घ्यावं लागणार, तेही असंच जाड बुडाचं, याचा विचार करत गोलवाली उतरायच्या थांब्यापर्यंत ते सगळं ऐकत राहिली.